एका किल्लीचं घर

माझी सगळी नोकरी एका फरकावर झाली. 'होऊ नये' आणि 'होऊच शकत नाही' यांतला तो फरक. ऐकायला हे फार भारदस्त वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकतो की काम टेबलापाशी बसून रेघा ओढण्याचं होतं.

रेल्वेच्या सिग्नल विभागात मी नकाशे काढायचो. स्टेशनाजवळच्या केबिनमध्ये लिव्हरांची एक लांब रांग असते. एक लिव्हर ओढला की रूळ सरकतात, दुसरा ओढला की सिग्नल पडतो. आता एका गाडीला रस्ता मोकळा दिलेला असताना कोणी चुकून आडवा रूळ जोडला, तर काय होईल ते सांगायला नको. त्यावर एक उपाय म्हणजे भिंतीवर पाटी लावणे: 'असे करू नये'. दुसरा उपाय आमचा. आम्ही लिव्हरांच्या खाली लोखंडी पट्ट्या अशा बसवायचो की पहिला लिव्हर ओढल्यावर दुसरा हलतच नसे. केबिनमधला माणूस झोपेत असो, घरी भांडून आलेला असो, चूक करायची त्याची कितीही इच्छा असो, चूक त्याला करताच येत नसे. कोणत्या लिव्हरने कोणता लिव्हर अडवायचा, हे ठरवणं माझं काम. मी स्वतः मात्र आयुष्यात एकही लिव्हर ओढलेला नाही. केबिनचा जिना उभा आणि जाळीचा असतो, पायऱ्यांमधून खालची जमीन दिसते, आणि मला भोवळ येते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच; फक्त मी उंटावरही चढलो नसतो.

कचेरीत मला 'समजासाहेब' म्हणायचे. कारण माझं प्रत्येक वाक्य 'समजा' या शब्दाने सुरू व्हायचं. समजा, दोन गाड्या एकदम आल्या. समजा, पट्टीला गंज चढला. समजा, माणसाला चक्कर आली. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या हिने मला सांगितलं की जेवताना तरी काही समजू नका, गरम आहे तोवर जेवा.

घरी मी वाचायचो. 'जे घडलं ते वेगळं घडू शकलं असतं का', 'काही गोष्टी अशाच असाव्या लागतात का', असल्या प्रश्नांची जाड पुस्तकं. माझ्या नोकरीशी त्यांचं काही नातं असावं अशी माझी समजूत होती. त्यांतलं अर्धं मला कळलं नाही, आणि उरलेलं अर्धं कळलंय असं मला वाटत असण्याची शक्यता आहे.

ही गेल्यावर मी एकटा राहू लागलो, आणि दूध जळायला लागलं.

पहिल्यांदा पातेलं काळं झालं. दुसऱ्यांदा शेजारच्या सिस्टर धावत आल्या. त्या निवृत्त नर्स. त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून आहे आणि त्यांचं नाक अजून नोकरीवर आहे. मी आत वाचत बसलो होतो. घरात धूर भरला होता आणि मला वाटलं होतं की चष्म्याचा नंबर बदलला. सिस्टरांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि माझ्या लेकीला फोन केला. या तिन्ही गोष्टी त्यांनी माझ्याशी एक शब्दही न बोलता केल्या.

लेक हवामान खात्यात आहे. उद्या पाऊस पडण्याची शक्यता आहे, वारा सुटण्याची शक्यता आहे, असं सांगण्याचा तिला पगार मिळतो. बापाने जन्मभर 'अशक्य' म्हणून पोट भरलं, मुलगी 'शक्य' म्हणून भरते. ती आली, पातेल्याकडे पाहिलं, आणि नेहमीसारखी खांद्यावरची पिशवीही न उतरवता म्हणाली की आता तुम्ही आमच्याकडे चला.

मी नाही म्हणालो. कारणं पुष्कळ दिली: पुस्तकं, सवय, दवाखाना जवळ आहे. खरं कारण बोलण्यासारखं नव्हतं. लेकीचं घर चांगलं आहे. जावई तर इतके चांगले आहेत की मी दिसलो की ते येऊन शेजारी बसतात आणि माझी करमणूक करतात. तिथे माझी चूक झाली तर चार माणसं ती हसून सांभाळून घेतील. इथे मी चुकतो ते माझ्या एकट्याच्या मालकीचं असतं. म्हातारपणी माणसाकडे स्वतःचं असं फार उरत नाही. निदान चुका तरी आपल्या घरात, आपल्या हाताने व्हाव्यात असं मला वाटत होतं.

"पुन्हा असं होणार नाही," मी म्हणालो.

"होणार नाही, की होऊ शकणार नाही?" लेकीने विचारलं. हा प्रश्न तिने लहानपणी माझ्याच तोंडून रोज ऐकलेला. गृहपाठ राहणार नाही की राहू शकणार नाही, डबा विसरणार नाही की विसरू शकणार नाही. आपण पेरलेलं उगवतं ते असं.

"होऊ शकणार नाही," मी म्हणालो. बोलून गेलो, आणि आता ते करून दाखवणं आलं.

ती म्हणाली, बरं, मी पुढच्या महिन्यात येते. तोवर गॅस एकदा जरी तसाच राहिला असेल तर तुमचं सामान बांधायचं. त्या दिवशी तुमचा एकही 'समजा' ऐकणार नाही.

आमच्या वर्कशॉपमधला टर्नर माझ्या आधी निवृत्त झाला होता. मी कागदावर काढलेल्या पट्ट्या तो लोखंडात करायचा. कान जवळजवळ गेलेले, पण हात शाबूत. मी त्याच्यापुढे नकाशा ठेवला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीनंतर त्याच्याकडे लोक फक्त बिजागरी घासायला यायचे.

योजना सोपी होती, आणि अजूनही मला ती सुंदर वाटते. घरात किल्ली एकच. दाराला असं कुलूप की दार ओढलं की आपोआप लागेल, पण उघडायला आतून काय, बाहेरून काय, किल्ली हवीच. गॅसच्या कॉकवर एक लोखंडी पेटी. त्यात तीच किल्ली घातली तरच कॉक उघडेल, आणि कॉक बंद केल्याशिवाय किल्ली बाहेर निघणार नाही. म्हणजे गॅस चालू असताना मी घराबाहेर जाऊच शकत नाही.

पण मी घराबाहेर कुठे जातो? खरा चोर पुस्तकांचं कपाट होतं. तेव्हा कपाटालाही तेच कुलूप. कपाट उघडं असेल तोवर किल्ली त्यातच अडकलेली. म्हणजे एक तर दूध तापेल, नाहीतर मी वाचीन. दोन्ही एकदम होणं अशक्य.

टर्नरने सगळं ऐकलं, म्हणजे वाचलं, आणि तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पुस्तक बाहेर काढून कपाट बंद कराल आणि मग गॅसपाशी वाचत बसाल."

मी स्वतःला इतका ओळखत नव्हतो, पण तो मला ओळखत होता. म्हणून आम्ही शेवटची युक्ती केली. प्रत्येक कप्प्याच्या टोकाला स्प्रिंगची एक पट्टी बसवली. सगळी पुस्तकं जागेवर असली की पट्टी दाबलेली राहते. एक जरी पुस्तक कमी असलं की पट्टी पुढे सरकते आणि कपाटाचं कुलूप फिरत नाही. वाचलेलं पुस्तक जागच्या जागी गेलं, तरच किल्ली मोकळी. किल्ली मोकळी झाली, तरच चहा.

काम संपल्यावर आम्ही दोघे किल्ली घेऊन लहान मुलांसारखे घरभर फिरलो. दार, गॅस, कपाट. कपाट, गॅस, दार. टर्नरने कपाटातली किल्ली पकडीने ओढून पाहिली, हातोडीने ठोकून पाहिली. ती हलली नाही. "साहेब, मेल्याशिवाय सोडणार नाही," तो अभिमानाने म्हणाला. मेल्याशिवाय कोण, हे मी त्याला विचारलं नाही.

दिवस छान गेले. दूध जळलं नाही. मी वाचन कमी केलं आणि स्वयंपाक कमी केला, कारण प्रत्येक वेळी उठून किल्ली हलवायचा कंटाळा येऊ लागला. पण जळलं काहीच नाही. माझ्या पुस्तकांत ज्याला 'अटळ' म्हणतात ते मी माझ्या ओट्यावर बसवलं होतं. संध्याकाळी बंद कपाटाच्या काचेसमोर उभा राहून मी नुसत्याच पुस्तकांच्या पाठी वाचायचो. कैद्याने स्वतःच्या कोठडीच्या बांधकामाचं कौतुक करावं तसं.

लेक येण्याच्या दोन दिवस आधी दुपारी कपाट उघडं होतं आणि मी गॅलरीत वाचत होतो. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, झोप येत नाही हो हल्ली. एखादं पुस्तक द्या तुमचं."

आता हे समजून घ्यायला हवं की माझ्याकडे आयुष्यात कोणी पुस्तक मागितलेलं नाही. हिने एकदा मागितलं होतं, पण ते टेबलाच्या पायाखाली ठेवायला. मला इतका आनंद झाला की विचार करायचीही शुद्ध राहिली नाही. मी आत गेलो, मधल्या कप्प्यातलं सगळ्यांत जाड पुस्तक काढलं. जे आहे ते तसंच असावं लागतं की नाही, यावरचं. गॅलरीच्या कठड्यावरून ते सिस्टरांच्या हातात देताना मी थोडं भाषणही केलं. पहिला भाग कठीण वाटला तर सोडून द्या, दुसऱ्यात लेखक सावरतो, वगैरे. त्यांनी पुस्तक हातावर तोललं आणि म्हणाल्या, "हे पुरेल."

संध्याकाळी भात टाकायला उठलो. हातातलं पुस्तक जागेवर ठेवलं, कपाट लावलं, किल्ली फिरवली. फिरली नाही.

मी पुस्तकं सारखी केली. पुन्हा फिरवली. मधल्या कप्प्यातली पट्टी माझ्याकडे जीभ काढून पाहत होती. मग आठवलं. गॅलरीत जाऊन हाका मारल्या. सिस्टरांचं घर बंद होतं. नंतर कळलं की त्या तासाभरापूर्वीच बहिणीकडे राहायला गेल्या होत्या आणि पुस्तक उशाला घेण्यासाठी बरोबर नेलं होतं.

परिस्थिती अशी झाली. पुस्तक नाही म्हणून कपाट लागत नाही. कपाट लागत नाही म्हणून किल्ली निघत नाही. किल्ली नाही म्हणून गॅस पेटत नाही आणि दार उघडत नाही. पुस्तक आणायचं तर दार उघडायला हवं. आमच्या धंद्यात याला बिघाड म्हणत नाहीत. काही अडलं की सगळे सिग्नल आपोआप लाल व्हायला हवेत, हा पहिला नियम. सगळं लाल झालं की कोणी मरत नाही. कोणी कुठे पोचतही नाही, पण ते दुसऱ्या खात्याचं काम.

मी टर्नरला फोन केला. "अडकलोय," मी ओरडलो. तो म्हणाला, "हो ना साहेब, अडकलंय कसं छान! काम झालं म्हणजे झालं," आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही. बहुतेक कौतुक ऐकून त्याचं पोट भरलं असावं.

लेकीला फोन करणं शक्य होतं. हात फोनकडे दोन-तीनदा गेलाही. पण काय सांगणार? की गॅस सुरक्षित आहे, फक्त मी आत कोंडला गेलोय? मी पावाचा पुडा काढला, थंड दूध घेतलं आणि वाचत बसलो. कपाट उघडंच होतं. वाचायला हरकत नव्हती. आयुष्यभर जे सुख मागितलं ते मिळालं होतं: पुस्तकं उघडी, दार बंद, आणि कोणी जेवायला बोलावणार नाही. पहिल्या पानापलीकडे मला जाता आलं नाही.

यातून सुटण्याचा एक मार्ग होता, हे मला पहिल्या संध्याकाळीच सुचलं होतं. पुस्तकाच्या जागी पुस्तकाएवढ्या जाडीचं काहीही बसवायचं. पट्टीला काय कळतंय? पण आमच्याकडे लोखंडाला फसवणं हे सगळ्यांत मोठं पाप. केबिनमध्ये कोणी पट्टीखाली लाकडाची खपली सारली तर त्याची नोकरी जायची, आणि जावी असं अहवालात लिहिणारा मी असायचो. शिवाय एकदा खपली सारता येते हे मान्य केलं, की 'होऊ शकत नाही'चं लगेच 'होऊ नये' होतं. मग माझ्या घरातली आणि कोणाही म्हाताऱ्याच्या घरातली किल्ली सारखीच. मी लेकीला काय दाखवणार?

म्हणून दोन दिवस मी तत्त्वावर पाव खाल्ला.

लेक ठरल्या दिवशी सकाळी आली. घंटा वाजली. मी दारापर्यंत गेलो आणि गप्प उभा राहिलो. घरात नाही असं समजून ती परत जाईल, असा एक विचार मनात आला. तो किती मूर्ख होता हे मला कळायला वेळ लागला नाही, कारण तिने लगेच दार बडवायला सुरुवात केली.

"मी आहे," मी म्हणालो. "जरा थांब."

"काय झालं? पडलात का?"

"नाही, नाही. अगदी ठीक. जरा किल्ली."

किल्ली हरवली का, तिने विचारलं. मी म्हणालो, हरवली नाही, कपाटात आहे. मग काढा. निघत नाही. का निघत नाही? मग मला बंद दारातून सगळी योजना सांगावी लागली. नकाशाशिवाय ती तितकी सुंदर वाटत नव्हती. मधे जिन्यावरून वरच्या मजल्यावरचा शिंपी उतरत असावा, कारण त्याचा आवाज आला, "काय झालं ताई?" आणि लेक म्हणाली, "काही नाही, बाबा आत पुस्तकाची वाट बघतायत." तो पुढे गेला नाही. तो तिथेच थांबला आहे हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"बाबा, गॅस चालू आहे?"

"असूच शकत नाही."

"चालू आहे की बंद, एवढंच सांगा."

"बंद."

ती म्हणाली की पुस्तकाच्या जागी दुसरं काहीतरी कोंबा. मी तिला खपलीचं, पापाचं आणि अहवालाचं सांगू लागलो. तिने मधेच तोडलं.

"कोणाला फसवणार आहात? केलंत तुम्ही, आत तुम्ही, उपाशीही तुम्हीच."

शिंपी खोकला. मला वाटतं तो हसला.

मी आत गेलो. आधी पावाचा उरलेला अर्धा पुडा लावून पाहिला. पट्टीने तो चपटा केला. लाकडी पाट जाड होत होता. मग न्हाणीघरातून अंघोळीच्या साबणाच्या दोन नव्या वड्या आणल्या आणि जाड पुस्तकाच्या जागी एकीला एक लावून सारल्या. पट्टी दबली. किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली. जे आहे ते तसंच का असावं लागतं, यावर कोणीतरी आयुष्य घालवून लिहिलेल्या शेकडो पानांची जागा साबणाने घेतली आणि कपाटाने हूं की चूं केलं नाही. माझ्या सबंध नोकरीवर इतकं स्पष्ट मत आजवर कोणी दिलं नव्हतं.

दार उघडलं. लेक आत आली. रागावलेली नव्हती, हे जास्त वाईट. शिंपी दारातून वाकून कपाट पाहण्याचा प्रयत्न करत होता, पण दार आपोआप लागलं. तेवढं काम ते बरोबर करत होतं.

तिने सगळीकडे नजर टाकली. पाव, थंड दुधाचा पेला, गॅसवरची लोखंडी पेटी. मग साबणाचा वास येतोय का, असं विचारलं. मी विषय बदलायला चहा करतो म्हणालो, आणि किल्ली गॅसच्या पेटीत घालून कॉक उघडला.

पाणी ठेवलं आणि माझ्या लक्षात आलं की आता ती जाऊ शकत नाही.

हे मी ठरवून केलं नव्हतं. लेक आली की तिचं पहिलं वाक्य 'निघतेच आहे' असं असतं आणि पिशवी खांद्यावर. मीही काही कमी नाही. ती बसली तर मी संदर्भ शोधण्याच्या निमित्ताने कपाटापाशी जातो आणि तिथेच राहतो. हिच्या माघारी आम्ही बापलेक असेच भेटत आलो होतो, एकाचा पाय दारात, दुसऱ्याचं डोकं पुस्तकात. आता दार बंद होतं, कपाटही बंद, आणि पाणी उकळायला वेळ होता. तिने दाराकडे पाहिलं, गॅसकडे पाहिलं, तिला सगळं कळलं. पिशवी तिने खाली ठेवली.

"मला तुम्हाला घरी न्यायचंय ते दुधासाठी नाही," ती म्हणाली. "मी फोन करते, तुम्ही उचलत नाही. वाचत असता, माहितीय मला. पण माझ्या डोक्यात सुरू होतं. समजा, न्हाणीघरात घसरले. समजा, छातीत दुखलं. हे मी कुठून शिकले असेन?"

मी चहाची पूड शोधू लागलो. ती माझ्या हातातच होती.

इतकी वर्षं मला वाटत होतं की 'समजा' हा माझा एकट्याचा आजार आहे. तो घराण्याच्या नाकासारखा लेकीकडे गेला असेल, हे मी कधी समजलोच नव्हतो.

"आता मी एक समजा सांगते," ती म्हणाली. "समजा, गॅस चालू आहे. किल्ली त्यात. आणि तुम्ही इथे, ओट्यापाशी, पडलात. मी दाराबाहेर. पुढे?"

गाड्यांच्या, गंजाच्या, धुक्याच्या, झोपलेल्या माणसांच्या सगळ्या परिस्थिती मी कागदावर मांडल्या आहेत. दोन दिवस कोंडून राहूनही हा एक 'समजा' मला सुचला नव्हता. मी सगळ्या चुका बंद केल्या होत्या. त्या करणाऱ्याला काही झालं तर, यासाठी एकही रेघ ओढली नव्हती.

"तसं होणार नाही," मी म्हणालो.

पाणी उकळत होतं.

"होऊ शकतं," मी म्हणालो.

मग तिने मागितली ती दुसरी किल्ली. मी तिला समजावलं की दोन किल्ल्या झाल्या की या सगळ्याला अर्थच राहत नाही. एक गॅसमध्ये ठेवून दुसरीने कपाट उघडता येईल, दार उघडता येईल, काहीही करता येईल. सगळी रचना एका किल्लीवर उभी आहे. ती म्हणाली, दुसरी तुमच्याकडे राहणारच नाही, माझ्याकडे राहील. मी म्हणालो, तरी तत्त्व म्हणून. ती म्हणाली की मी रोज चुकते. पाऊस येईल म्हणते, लोक छत्र्या घेऊन निघतात आणि ऊन पडतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतेच. "दुसरी किल्ली द्या, तुम्ही इथे राहा. नाहीतर चहा झाल्यावर सामान बांधू. मला घाई नाही, आज तसंही जाता येत नाहीय."

चहा आम्ही सावकाश प्यायलो. ती तिच्या साहेबाबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली, आईसारखं हसून एकदा मला 'कपाटातले बाबा' म्हणाली. मग मी गॅस बंद केला, किल्ली काढली आणि तिच्यासाठी दार उघडलं. ती लगेच गेली नाही.

टर्नरकडे गेलो तेव्हा आधी त्याला ऐकू आलं नाही, मग ऐकू आलं पण त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. शेवटी त्याने दुसरी किल्ली कानसली. काम करताना एकदाही वर पाहिलं नाही. हातात देताना म्हणाला, "साहेब, आता हे कुलूप राहिलं नाही. दागिना झाला."

सिस्टरांनी पुस्तक परत आणलं. दुसऱ्या पानावर झोप लागते म्हणाल्या, बहिणीलाही लागली. मी त्यांना ते कायमचं देऊन टाकलं. कपाटात साबण आहेच. तो मला जास्त समजतो.

आता लेक मधूनच येते. कधी येईल ते सांगत नाही. तिचे अंदाज तसेही चुकतात. घंटा वाजवत नाही, स्वतःच्या किल्लीने दार उघडते. आणि माझं असं झालंय की दूध ठेवलं की मी ओट्यापाशीच उभा राहतो, एक कान दाराकडे लावून. किल्ली फिरल्याचा आवाज येईल, नाही येणार. ती यायलाच हवी असं काही नाही. पण येऊ शकते. तीन कुलपांना जे जमलं नाही ते या एवढ्याशा गोष्टीने केलं. वाचनाकडे लक्षच जात नाही.

परवा मला खात्रीने वाटलं की दार वाजलं. मी लगबगीने बाहेरच्या खोलीत गेलो. कोणी नव्हतं, बाहेर शिंप्याची पावलं जिना चढत होती. परत येईपर्यंत दूध उतू गेलं होतं. गॅस बंद केला, ओटा पुसला, खिडकी उघडली. सिस्टरांच्या गॅलरीतून एकदा जोरात नाक ओढल्याचा आवाज आला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

लेकीला मी सांगितलेलं नाही. तिला कळण्याची शक्यता आहे, आवश्यकता नाही.